विमानाचा रेडिओ आणि माझा रुमाल

लग्न होऊन मी सोलापूरहून पिंपरीला आले तेव्हा आमच्या क्वार्टरच्या एका खोलीत संसार होता आणि दुसऱ्या खोलीत विमान. पाच फुटांचा पंख दोन खुर्च्यांवर आडवा टाकलेला असायचा आणि त्यावरच्या रोगणाला धूळ लागू नये म्हणून त्या खोलीत झाडायलाही बंदी होती. घरात एरंडेलाचा वास भरून राहिलेला. शेजारणीला वाटायचं, आमच्याकडे कुणाचं तरी पोट सारखं बिघडलेलं असतं. खरं म्हणजे एरंडेल विमानाच्या इंजिनाला लागायचं, तेलात मिसळून.

माझे यजमान औषधांच्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या खात्यात होते. कारखाना नवाच होता. कॉलनीच्या मागे पवना नदीपर्यंत नुसतं रान, मधे बाभळी, कुठे ज्वारी. रविवारी सकाळी हे विमान घेऊन तिकडे जायचे. इंजिनात अर्ध्या मिनिटापुरतं तेल घालायचं, पंखा फिरवायचा आणि विमान हातातून सोडून द्यायचं. ते वर जायचं, तेल संपलं की तरंगत तरंगत खाली यायचं. कुठे उतरायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं.

एका रविवारी ते उतरलंच नाही. उन्हानं तापलेली हवा त्याला वर वर नेत राहिली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते नदीपलीकडे दिसेनासं झालं. हे तिथेच मान वर करून उभे. मी म्हटलं, "अहो, चला आता." तर म्हणाले, "थांब, येईल." जणू मुलगा शाळेतून यायचा होता.

तिसऱ्या दिवशी पिंपळे गुरवचा एक म्हातारा शेतकरी बैलगाडी घेऊन कॉलनीत आला. गाडीत कडबा आणि कडब्यावर आमचं विमान, घोंगडी पांघरून निजवलेलं.

"तुमचं इमान आमच्या ज्वारीत पडलं व्हतं," तो म्हणाला. "लई न्हाई मोडलं. श्येपूट तेवढं गेलंय."

यांनी त्याला बसवलं, मी चहा दिला. त्यानं बशीत ओतून सावकाश प्यायला, खोलीतला दुसरा पंख निरखून पाहिला आणि विचारलं, "पर मास्तर, सोडताना त्याला सांगत न्हाई व्हय तुमी, कुटं जायाचं ते?"

"सांगायची सोय नाही, बाबा."

"मग सोय करा की," म्हातारा म्हणाला आणि उठला.

यांनी त्या वाक्याचा ध्यासच घेतला. परदेशात रेडिओवरून विमानाला हुकूम देतात, हे मासिकांतून यांनी वाचलं होतं. जमिनीवर माणसाच्या हातात ट्रान्समीटर, विमानाच्या पोटात छोटा रिसीव्हर. इथे बटण दाबलं की तिथे सुकाणू वळतं. प्रश्न एवढाच होता की असा संच आणायचा कुठून. शोधायला निघालो तर दोन जागा सापडल्या, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

पहिला संच कारखान्यातल्या परदेशी साहेबाचा. हा साहेब यंत्रं बसवायला आलेला, उंच, उन्हानं नाक लाल झालेला, आणि त्यालाही विमानांचं वेड. वर्षाअखेरीस तो मायदेशी परतणार होता. त्याच्याकडे तयार संच होता. करड्या रंगाची गुळगुळीत पेटी, तिला दोन बटणं. एक दाबलं की विमान डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे. साहेब म्हणाला, तुला हवा तर घे, परत न्यायला मला ओझंच आहे.

दुसरा संच अजून जन्मायचा होता. चिंचवड स्टेशनाजवळ एका हवालदाराचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते लढाईत लष्कराच्या सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी निरोपांच्या पथकात होते, ब्रह्मदेशात. तिथे जवळच बॉम्ब फुटून त्यांचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा निम्मा उरला. रेडिओ दुरुस्त करणारा बहिरा माणूस! ते मीटरचा काटा बघून काम करायचे आणि रेडिओ लागला का हे गिऱ्हाइकालाच विचारायचे. यांची त्यांची मैत्री जुनी. विमानाचं कानावर घालताच, म्हणजे कानाशी ओरडून सांगताच, ते म्हणाले, "तयार कशाला आणता? मी करून देतो." आणि लष्कराच्या भंगारातून आणलेले व्हॉल्व्ह, तारा, गुंडाळ्या यांतून त्यांनी महिन्याभरात करूनही दिला. ट्रान्समीटर चालवायला सरकारी परवाना लागतो, म्हणून अर्जही त्यांनीच स्वतःच्या हातानं लिहिला.

त्यांच्या संचाला एकच बटण होतं. पहिल्यांदा दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे. परत डावीकडे, परत उजवीकडे. म्हणजे मागच्या खेपेला कुठली बाजू झाली हे चालवणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. यांची तिथेच अडचण होती. हे भाजी आणायला गेले तर निम्मी विसरून यायचे.

मनातून यांना साहेबाचा संच हवा होता, मला दिसत होतं. पण मित्रानं महिनाभर डोळे फोडून केलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? शेवटी यांनी तोडगा काढला. "दोन्ही तपासू. ज्याचा हुकूम लांब पोचेल, तो घ्यायचा."

तपासायची रीत अशी. ट्रान्समीटर मैदानाच्या एका टोकाला ठेवायचा. रिसीव्हर घेऊन कुणीतरी लांब लांब चालत जायचं, ठरावीक पावलांवर थांबायचं. इकडे बटण दाबलं की रिसीव्हरमध्ये बारीक 'टिक' असा आवाज होतो. टिक ऐकू आली की रुमाल वर करायचा. साहेब आणि हवालदार आपापलं बटण दाबणार, हे दुर्बिणीतून रुमाल बघून लिहून ठेवणार. राहिले कान.

"कान माझे," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी एका टोपलीत दोन्ही रिसीव्हर आणि त्यांच्या बॅटऱ्या ठेवून, वर पदर झाकून निघाले. पायवाटेवर दोन बायका धुणं घेऊन नदीला चालल्या होत्या.

"काय विकाया निघालीस गं बाई?"

"विकायला नाही. रेडिओ आहे."

"मंग लाव की गानं!"

"हा गात नाही," मी म्हटलं, आणि त्या हसत पुढे गेल्या.

आधी साहेबाचा. पन्नास पावलं, टिक, रुमाल वर. शंभर, टिक. बाभळीच्या रांगेपाशी टिक. विहिरीपाशी टिक. नदीच्या काठापर्यंत गेले तरी कानाशी सुपारी फोडावी तशी स्पष्ट टिक. लांबून टाळ्यांचा आवाज आला.

मग मागे येऊन हवालदारांचा सुरू केला. बाभळीच्या रांगेपर्यंत ठीक. तिथून पुढे एकदा वाजली, एकदा नाही. विहिरीपाशी थांबले आणि काहीच नाही. टोपली कानाला लावली. काही नाही. मागे वळून पाहिलं. मैदानाच्या त्या टोकाला तीन माणसं एवढीएवढीशी दिसत होती. त्यातल्या एकानं ट्रान्समीटरची पेटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली होती. तेवढ्यानं हुकूम लांब जाईल अशी त्याची आशा असावी. आणि तो माणूस माझ्याकडेच बघत होता.

मी रुमाल वर केला.

का केला ते मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं. नदीवरही मी तो वर केला. परत आले तेव्हा हे म्हणाले, "दोन्ही सारखेच! मग प्रश्नच मिटला. हवालदारांचाच घ्यायचा." साहेबानं हवालदारांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. हवालदार माझ्याजवळ आले, डोळे भरलेले. "वहिनी," म्हणाले, "तुमच्या कानांनी माझी लाज राखली."

ते तीन-चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. हे संध्याकाळी कामावरून आले की विमानाच्या पोटात तो रिसीव्हर बसवायचे, रबराच्या पट्ट्या लावायचे, शीळ घालायचे. बुधवारी सहज बोलता बोलता म्हणाले, "उडवताना मुलंबाळं मैदानात येऊ द्यायची नाहीत. वर गेल्यावर हुकूम ऐकेनासं झालं तर हे इंजिन डोक्यात बसेल एखाद्याच्या."

मी हातातली कणीक तशीच ठेवून म्हटलं, "अहो, विहिरीपाशी मला काही ऐकू आलं नव्हतं."

यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. हे रागावले असते तर बरं झालं असतं. यांनी रबराच्या पट्ट्या सोडवून रिसीव्हर विमानाच्या पोटातून बाहेर काढला. म्हणाले, "मी नाही सांगणार त्यांना. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी चिंचवडला गेले. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. हवालदार एका रेडिओत डोकं घालून होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मी खोटा रुमाल दाखवला."

"काय?" त्यांनी उजवा कान पुढे केला.

"खोटा! रुमाल! दाखवला!"

"मोठ्यानं बोला वहिनी, रुमाल काय?"

बहिऱ्या माणसापुढे कबुली द्यायची म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. गिऱ्हाइकं वळून बघत होती, समोरचा सायकलवाला हवा भरायचा थांबला होता, आणि मी पदर घट्ट धरून सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशी ओरडत होते, "तुमचा रेडिओ विहिरीपाशी वाजलाच नाही! मला वाईट वाटलं म्हणून मी रुमाल वर केला!"

हवालदारांनी हातातली डाग द्यायची कईया खाली ठेवली. गिऱ्हाइकांना म्हणाले, "उद्या या." ते गेल्यावर माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"लढाईत आमच्याकडे एक पोरगा होता," ते म्हणाले. "निरोप नीट ऐकू आला नाही तरी 'मिळाला' म्हणायचा. साहेब ओरडेल म्हणून. एकदा त्याच्या 'मिळाला'पायी आमची माणसं नदीच्या चुकीच्या काठावर दिवसभर बसून राहिली. सगळी परत आली नाहीत." त्यांनी टेबलावरचा रेडिओ बाजूला सारला. "तुम्ही चार दिवसांत आलात. बरं केलंत. आठ दिवस द्या मला. मात्र कान तुम्हीच आणायचे."

म्हणून मी रोज दुपारी तिथे जाऊ लागले. कानाला हेडफोन लावून बसायचं. रिसीव्हर मोकळा असला की त्यात चुलीवर दूध उतू जाण्याआधी येतो तसा 'स्स' आवाज यायचा, आणि ट्रान्समीटरचा हुकूम आला की तो आवाज एकदम दबायचा. ते तारेचं वेटोळं किंचित ताणायचे, मी सांगायचे, आवाज किती दबला. पुन्हा किंचित. पुन्हा सांगायचं. चौथ्या दिवशी त्यांचा पेचकस एका जोडाला लागला आणि माझ्या कानात कडकड झाली.

"तिथेच! परत लावा तिथे!" मी ओरडले.

परत कडकड. हवालदारांनी भिंग लावून बघितलं. कथिलाचा डाग वरून चकचकीत पण आतून सुटलेला होता. मीटरचा काटा तो दाखवत नव्हता. त्यांनी तो काढला, तार खरवडली, नवा डाग दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "महिनाभर मी ह्याच्याशी झुंजतोय, आणि तुम्हाला चार दिवसांत ऐकू आलं."

दुसऱ्या चाचणीला मी रुमाल धुऊन नेला होता. विहिरीपाशी टिक. नदीवर टिक. नाव मिळाली म्हणून पलीकडच्या काठावरही गेले, तिथेही टिक, थोडी बारीक पण खरी. या खेपेला रुमाल वर करताना मी इतका हलवला की हे नंतर म्हणाले, मला वाटलं साप निघाला.

आता दोन्ही संच खरोखरच बरोबरीचे होते. यांनी दोन दिवस घेतले. दोन्ही पेट्या उघडून टेबलावर ठेवल्या आणि साहेबाला विचारलं, "तुमचा बिघडला तर?" साहेबानं प्रामाणिकपणे सांगितलं की आत प्रत्येक बटणाच्या सुराला हलणाऱ्या बारीक पोलादी पट्ट्या असतात, त्या बेसूर झाल्या तर संच त्याच्या देशात पाठवावा लागतो, आणि बॅटऱ्याही तिकडच्याच लागतात. हवालदारांच्या संचाला पुण्यात कुठेही मिळणारी रेडिओची बॅटरी चालत होती, आणि दुरुस्ती चिंचवडला.

"तुमचा चांगला आहे साहेब," हे म्हणाले, "पण ह्याच्या आत काय आहे ते मला कळतं." साहेब हसला आणि म्हणाला, मीही हेच केलं असतं.

परवाना हातात आला तोवर ज्वारी निघाली होती. हवेत गारवा होता. मैदानाच्या कडेला कॉलनीतली माणसं जमली, हवालदार, साहेब, सगळे. या वेळी तेल टाकी भरून घातलं होतं. यांनी बटण हातात घेतलं, साहेबानं विमान सोडलं. ते वर गेलं, यांनी दाबलं, विमान डावीकडे वळलं. लोकांनी जो ओरडा केला तो हवालदारांनाही ऐकू आला असेल. पुन्हा दाबलं, उजवीकडे. दोन-तीन मिनिटं सगळं छान चाललं. मग वाऱ्याचा झोत आला, विमान तिरकं झालं, यांनी घाईनं दोन-तीनदा दाबलं आणि गोंधळले.

"आता कुठली? डावी झाली का उजवी?"

"उजवी झाली. आता डावी," मी म्हटलं.

"नक्की?"

नक्कीच होतं. माझ्या वडिलांचा माग होता सोलापुरात. लहानपणापासून मी त्याच्याशेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या होत्या. आडवं सूत नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, दिवसभर. आत्ता धोटा कुठल्या हाताला आहे हे विणकराच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही, ते अंगातच असतं. यांचं बटण दाबणं मी पहिल्यापासून तसंच ऐकत होते.

"उजवी, आता डावी, आता उजवी," मी सांगत राहिले. मधेच यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "तूच धर."

मी अंगठा बटणावर ठेवला. विमान दूर जात होतं तोवर सोपं गेलं. ते आमच्याकडे तोंड करून यायला लागलं तेव्हा डावं-उजवं उलटं दिसू लागलं. मी पाठ फिरवली आणि विमान ज्या दिशेला येत होतं त्याच दिशेला तोंड करून, मान वळवून खांद्यावरून त्याच्याकडे बघू लागले. मग पुन्हा सगळं सरळ झालं. लोक हसत होते. हसू देत. इंजिन बंद पडलं, विमान शांत झालं, आणि मी त्याला थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत करत काढलेल्या ज्वारीच्या धसकटांत उतरवलं. पंखाचं टोक मोडलं, बाकी सगळं शाबूत.

हवालदार धावत आले आणि विमानापाशी न जाता माझ्यापाशी थांबले. सैनिक करतात तसा सलाम केला. मला लाज वाटली आणि मी पेटी पदराखाली लपवली.

त्यानंतर रविवारी विमान हे सोडायचे आणि बटण मी दाबायची. दुपारी मी दुकानात जात राहिले. आधी कान म्हणून, मग डाग द्यायला शिकले, मग व्हॉल्व्ह बदलायला. गिऱ्हाइकं आधी बिचकायची. काही वर्षांनी आमच्या बाजूला रेडिओ जोडायचा कारखाना निघाला आणि त्यांना तपासणीच्या टेबलावर बायका हव्या होत्या, तेव्हा हवालदारांनी चिठ्ठी देऊन मला पाठवलं. मी तिथे नोकरी केली, ती निवृत्त होईपर्यंत.

मैदान मात्र लवकरच गेलं. आधी मोजणीचे खुंट आले, मग काटेरी तार, मग पत्र्याच्या शेड आणि विजेचे खांब. हे म्हणाले, "चाकणकडे मोठा माळ आहे, तिकडे जाऊ." सायकली काढून आम्ही दोघं भोसरी, मोशी करत दोनदा गेलो. माळावर तेव्हा चिटपाखरू नसायचं. नुसतं गवत आणि वारा. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, बॅटरी संपेपर्यंत विमान उडवलं. दुसऱ्या खेपेला परतताना यांच्या सायकलची साखळी तुटली. इंद्रायणीच्या अलीकडे एका गाडीवानानं आम्हाला सायकलींसकट बैलगाडीत घेतलं. मी मागे पाय सोडून बसले, मांडीवर विमानाचा पंख आडवा. वारा समोरून होता आणि पंख सारखा वर उचलायला बघत होता. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. हे शेजारी बसून पुढच्या विमानाचं काहीतरी सांगत होते. चाकांच्या आवाजात मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं, आणि मी हो हो म्हणत होते.